लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप: अर्ज कसा करावा आणि व्हिडिओ मुलाखतीची तयारी कशी करावी?

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवी मिळण्याआधी इंटर्नशिप करावीच लागते. ती तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलांकडे करता येते, एखाद्या स्वयंसेवी संस्थेत करता येते आणि मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्येही करता येते. यातला शेवटचा पर्याय अनेकांना हवा असतो. पण तिथे प्रवेश कसा मिळतो, हे फार कमी ठिकाणी सांगितले जाते. घरात वकील असतील किंवा कॉलेजात प्लेसमेंट कमिटी सक्रिय असेल, तर ही माहिती आपोआप कानावर पडते. सांगली, लातूर किंवा अकोल्याच्या विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या, घरातल्या पहिल्याच वकिलाला मात्र ती स्वतः शोधावी लागते.

अर्ज कधी करायचा, त्यात काय लिहायचे, व्हिडिओ मुलाखतीत काय विचारतात आणि त्यासाठी घरी कशी तयारी करायची, याची माहिती या लेखात दिली आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. फर्म तुमचा ई-मेल, सीव्ही आणि मुलाखत या तिन्हींकडे तुमच्या कामाचा नमुना म्हणून पाहते. नाव चुकीचे लिहिलेला ई-मेल पाहून वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते, ‘हा आमच्या करारातही पक्षकाराचे नाव चुकवेल.’ पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

इंटर्नशिपबद्दल नियम काय आहे?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. एका शैक्षणिक वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करू नये, असेही हा नियम सांगतो. लॉ फर्मबरोबरच वकील, न्यायसंस्था, स्वयंसेवी संस्था, कंपन्या, विधिमंडळ आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे केलेले काम यात धरले जाते. मात्र संपूर्ण अभ्यासक्रमात किमान एकदा तरी खटले चालवणाऱ्या आणि अपिले लढवणाऱ्या वकिलांकडे काम केलेले असावे लागते.

अनेक विद्यार्थी पहिल्याच वर्षी मोठ्या फर्ममागे लागतात आणि नकार आला की खचतात. त्याची गरज नाही. पहिली एक-दोन वर्षे जिल्हा न्यायालयातील वकील, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा एखादी संस्था इथे घालवली, तर नियमाची पूर्तता होते आणि फर्मच्या अर्जात लिहिण्यासारखे काहीतरी हातात येते. बहुतेक मोठ्या फर्म शेवटच्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देतात, कारण त्यांना पुढे नोकरीसाठी माणसे निवडायची असतात.

लॉ फर्म आणि वकिलांचे चेंबर यात काय फरक आहे?

चेंबर म्हणजे एका वकिलाचे कार्यालय आणि त्यांच्या हाताखालचे काही ज्युनिअर. काम मुख्यतः कोर्टातले. लॉ फर्म ही भागीदारांची संस्था असते. तिच्यात कामाच्या स्वरूपानुसार वेगवेगळ्या टीम असतात: कंपन्यांचे व्यवहार आणि करार, बँकिंग, दिवाळखोरी, लवाद आणि दावे, मालमत्ता, करविषयक, स्पर्धा कायदा, बौद्धिक संपदा वगैरे.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० पासूनची आणि वाडिया गांधी १८८३ पासूनची. आज मोठ्या मानल्या जाणाऱ्या फर्ममध्ये खेतान अँड कंपनी, एझेडबी अँड पार्टनर्स, ट्रायलीगल, जे. सागर असोसिएट्स आणि २०१५ मध्ये जुन्या अमरचंद फर्मच्या विभागणीतून तयार झालेल्या सिरिल अमरचंद मंगलदास व शार्दुल अमरचंद मंगलदास यांची नावे घेतली जातात. पण यादी इथेच संपत नाही. मुंबई आणि पुण्यात दहा-वीस वकिलांच्या अनेक फर्म आहेत. तिथे स्पर्धा तुलनेने कमी असते आणि इंटर्नच्या हातात प्रत्यक्ष काम लवकर येते.

अर्ज कधी आणि कुठे करावा?

मोठ्या फर्मच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. त्यामुळे हव्या असलेल्या महिन्याच्या किमान चार ते सहा महिने आधी अर्ज करावा. मे, जून आणि डिसेंबर हे सुट्टीचे महिने असल्याने त्यासाठी सर्वाधिक गर्दी असते. कॉलेजचे वेळापत्रक आणि हजेरी सांभाळून फेब्रुवारी किंवा सप्टेंबरसारखा महिना देता आला, तर संधी वाढते.

अर्जाचे मार्ग साधारण तीन:

- फर्मच्या वेबसाइटवरचा फॉर्म. ‘करिअर’ विभागात असतो. फॉर्म असेल तर तोच भरा. फॉर्म सोडून भागीदारांना थेट ई-मेल केला, तर सूचना न वाचणारा अशी पहिली ओळख होते.
- एचआर विभागाला ई-मेल. मध्यम फर्ममध्ये हा नेहमीचा मार्ग आहे.
- कॉलेजमार्फत किंवा ओळखीतून. तुमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी कुठे काम करतात ते लिंक्डइनवर शोधा. त्यांच्याकडे थेट इंटर्नशिप मागू नका. ‘तुमच्या टीममध्ये इंटर्न काय काम करतात, हे दहा मिनिटे विचारू शकतो का?’ असे विचारा. याला लोक जास्त मोकळेपणाने उत्तर देतात.

एक साधा तक्ता ठेवा: फर्मचे नाव, टीम, अर्जाची तारीख, मागितलेला महिना, उत्तर. पाच मोठ्या, दहा मध्यम आणि पाच लहान फर्म अशी वीस नावांची यादी पुरेशी आहे. शंभर ठिकाणी एकच ई-मेल पाठवण्यापेक्षा वीस ठिकाणी विचारपूर्वक लिहिलेला बरा. सगळ्यांना एकाच ई-मेलमध्ये घालून पाठवणे तर टाळाच.

सीव्हीत काय असावे?

विद्यार्थ्याचा सीव्ही एक, फार तर दोन पानांचा असावा. पीडीएफ स्वरूपात पाठवावा आणि फाइलच्या नावात तुमचे नाव असावे. क्रम असा ठेवता येईल: संपर्क, शिक्षण व गुण, इंटर्नशिपचा अनुभव, लेखन व संशोधन, मूट कोर्ट किंवा इतर स्पर्धा, भाषा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापन यांची गरज नाही.

सर्वात जास्त लक्ष अनुभवाच्या ओळींवर द्या. फरक पाहा:

*कमकुवत:* ‘जिल्हा न्यायालयात वरिष्ठ वकिलांकडे इंटर्नशिप केली. कोर्टाचे कामकाज पाहिले. खूप शिकायला मिळाले.’

*चांगले:* ‘चार आठवडे दिवाणी दाव्यांवर काम. वाटपाच्या दोन दाव्यांत कागदपत्रांची कालानुक्रमे यादी तयार केली. तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जासाठी सहा निकाल शोधून त्यांची टिपणे दिली. एका कैफियतीचा पहिला मसुदा लिहिला.’

दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण नाही, पण काम दिसते. मात्र पक्षकाराचे नाव, सौद्याची रक्कम किंवा जाहीर न झालेली माहिती सीव्हीत कधीही लिहू नका. ‘एका बांधकाम कंपनीसाठी’ एवढे पुरे. गोपनीयता पाळणे ही वकिलाची पहिली जबाबदारी आहे. सीव्हीतच ती मोडलेली दिसली, तर पुढे वाचले जात नाही.

न केलेले काम लिहू नका. सीव्हीतल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो आणि बहुधा येतोच.

ई-मेल कसा लिहावा?

ई-मेल इंग्रजीतच लिहावा लागेल, कारण फर्मचे कामकाज त्या भाषेत चालते. विषयाच्या ओळीत सगळी मूळ माहिती द्या: ‘इंटर्नशिप अर्ज, फेब्रुवारी, मालमत्ता टीम, चौथे वर्ष’. मजकूर दीडशे ते दोनशे शब्दांत बसवा. त्यात चार गोष्टी हव्यात:

1. तुम्ही कोण, कोणते कॉलेज, कोणते वर्ष, कोणत्या तारखांना उपलब्ध.
2. याच फर्मची हीच टीम का.
3. त्या टीमला उपयोगी पडेल असे तुम्ही केलेले एक-दोन काम.
4. सोबत काय जोडले आहे आणि तुमचा फोन नंबर.

‘आपली फर्म देशातील अग्रगण्य फर्मपैकी एक आहे’ या वाक्याचा उपयोग नाही. ते कोणत्याही फर्मला चालते. त्याऐवजी त्यांनी लिहिलेला एखादा लेख, लढवलेला एखादा जाहीर निकाल किंवा त्यांच्या वेबसाइटवरचे एखादे काम वाचून दोन वाक्ये लिहा. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. भागीदाराचे नाव, आडनाव, फर्मच्या नावातले ‘अँड’ आणि ‘असोसिएट्स’ पुन्हा तपासा. दुसऱ्या फर्मचे नाव तसेच राहून गेलेला ई-मेल ही एचआरला रोज दिसणारी चूक आहे.

मराठी येणे हे भांडवल आहे

मोठ्या फर्मचा अर्ज लिहिताना अनेक विद्यार्थी आपले मराठीपण झाकतात. मालमत्ता आणि दाव्यांच्या टीमपुरते बोलायचे तर यात तोटा आहे.

महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार करायचा, तर आधी मालकी तपासावी लागते. त्यासाठी सातबारा, फेरफार, आठ-अ, प्रॉपर्टी कार्ड, जुनी खरेदीखते, हक्कसोडपत्रे, वारस नोंदी आणि नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनचे उतारे वाचायचे असतात. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे. हे कागद मराठीत असतात, अनेकदा हस्ताक्षरात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतही रोजनामे, जबाब आणि अर्ज मोठ्या प्रमाणावर मराठीत असतात. ते वाचून इंग्रजीत नेमका सारांश लिहिणारा इंटर्न फर्मला हवा असतो.

म्हणून ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढ्यावर थांबू नका. ‘मराठी महसुली कागदपत्रे व न्यायालयीन कागद वाचून इंग्रजी सारांश करता येतो’ असे लिहा, अर्थात ते खरोखर येत असेल तरच. येत नसेल, तर घरच्या किंवा नातेवाइकांच्या जमिनीचा सातबारा आणि चार फेरफार घेऊन, नोंद कशी बदलत गेली याचे एक पान इंग्रजीत लिहून पाहा. ही सर्वात स्वस्त आणि उपयोगी पूर्वतयारी आहे.

व्हिडिओ मुलाखत कशी असते?

तिचे दोन प्रकार आहेत.

प्रत्यक्ष संवाद: झूम, गुगल मीट किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सवर एक-दोन वकील किंवा एचआर अधिकारी बोलतात. भारतात बहुधा हाच प्रकार असतो. वेळ पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. काही फर्म आधी फोनवर थोडक्यात बोलतात.

रेकॉर्ड केलेली मुलाखत: समोर माणूस नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि ठरलेल्या एक-दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचे असते. लंडनमधल्या फर्म त्यांच्या सुट्टीतल्या प्रशिक्षण योजनांसाठी हा प्रकार बऱ्याचदा वापरतात. परदेशी फर्मकडे अर्ज करणाऱ्यांनी त्याचा वेगळा सराव करावा. उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येते की नाही, हे सूचनांत आधीच वाचून घ्या.

स्क्रीनवरून नेमके बोलणे ही आता वकिलीतलीच गरज आहे. मार्च २०२० पासून सर्वोच्च न्यायालयासह देशभरातल्या न्यायालयांत व्हिडिओवरून सुनावणी रुळली. त्यामुळे मुलाखत घेणारा वकील तुमचे ज्ञान पाहतो आणि तुम्ही स्क्रीनवरून पक्षकाराशी नीट बोलू शकाल का, हेही पाहतो.

काय विचारतात आणि उत्तर कसे द्यावे?

‘स्वतःबद्दल सांगा.’ शाळेपासून सुरुवात करू नका. नव्वद सेकंदांत सांगा: सध्या काय शिकता, आतापर्यंत कोणते काम केले, त्यातून कोणत्या विषयात रस निर्माण झाला आणि म्हणून ही टीम.

‘आमचीच फर्म का?’ ई-मेलमध्ये जे लिहिले तेच, थोड्या तपशिलाने. त्यांचा लेख वाचला असे लिहिले असेल, तर तो पुन्हा वाचून बसा.

सीव्हीवरचे प्रश्न. मूटमधला तुमचा मुद्दा, निबंधाचा निष्कर्ष, मागच्या इंटर्नशिपमधले एक काम. प्रत्येकासाठी एवढे तयार ठेवा: प्रश्न काय होता, तुम्ही काय केले, निष्पन्न काय झाले.

कायद्याचे प्रश्न. इंटर्नला अवघड कोडी सहसा घालत नाहीत. ज्या टीमसाठी अर्ज केला, तिथला पाया तपासतात. उदाहरणार्थ:

- *दावे:* तात्पुरता मनाई हुकूम देताना न्यायालय काय पाहते? प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा समतोल आणि भरून न निघणारे नुकसान. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ वाचून ठेवा.
- *लवाद:* १९९६ च्या कायद्यातील कलम ९, ११ आणि ३४ कशासाठी आहेत? अनुक्रमे अंतरिम संरक्षण, लवादाची नेमणूक आणि निवाडा रद्द करण्याचा अर्ज.
- *दिवाळखोरी:* २०१६ च्या संहितेतील कलम ७ आणि ९ यांत फरक काय? पहिले वित्तीय धनकोसाठी, दुसरे कामकाजातून देणे झालेल्या धनकोसाठी.
- *करार:* नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचे नाही, ही अट टिकते का? भारतीय करार कायद्याचे कलम २७ पाहा.
- *मालमत्ता:* भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स यांत फरक काय? पहिल्यात मालमत्तेत हक्क निर्माण होतो, दुसऱ्यात फक्त वापरण्याची परवानगी मिळते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. पुस्तक जुने असेल, तर नव्या कायद्यांतील कलमांचे क्रमांक पाहून ठेवा.

‘दोन वरिष्ठांनी एकाच वेळी काम दिले तर?’ ‘रात्रभर जागून दोन्ही करीन’ हे उत्तर ऐकायला चांगले, पण विश्वासार्ह नाही. दोघांनाही मुदत विचारीन, एकमेकांच्या कामाची कल्पना देईन आणि आधी काय हवे ते त्यांनाच ठरवू देईन, हे उत्तर अनुभवी माणसाला पटते.

उत्तर येत नसेल तर? थापा मारू नका. ‘मला याचे निश्चित उत्तर माहीत नाही. मी आधी कायद्यातले कलम पाहीन, मग त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अलीकडचा निकाल शोधीन’ असे सांगा. इंटर्नच्या कामात अर्धा वेळ न माहीत असलेले शोधण्यातच जातो. शोधण्याची रीत माहीत आहे, एवढे दिसले तरी पुरते.

‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’ ‘नाही’ म्हणू नका. ‘तुमच्या टीममधला इंटर्न पहिल्या आठवड्यात कोणते काम करतो?’ किंवा ‘येण्याआधी मी काय वाचून यावे?’ हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे उपयोगी पडतात.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर

कॉर्पोरेट फर्ममध्ये इंग्रजी लागते, यात दुमत नाही. पण उच्चार परदेशी असण्याची गरज नाही. समोरचा माणूस पाहतो तो विचारांचा क्रम. लहान वाक्ये बोला. आधी उत्तर, मग कारण, मग उदाहरण.

सराव असा करा. रोज एका निकालाचे पहिले काही परिच्छेद वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मग पुस्तक मिटून, मोबाइलवर रेकॉर्ड करत, तो निकाल दोन मिनिटांत इंग्रजीत सांगा: घटना, प्रश्न, निर्णय, कारण. रेकॉर्डिंग ऐका आणि दुसऱ्यांदा सांगा. महिनाभर हे केले, तर फरक स्वतःलाच ऐकू येतो. उत्तरे मात्र पाठ करू नका. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द विसरला, की सगळी साखळी तुटते. प्रश्न कळला नाही, तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारण्यात काही गैर नाही. चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

घरातली तांत्रिक तयारी

त्यासाठी महागडे सामान लागत नाही.

- जागा: भिंतीकडे पाठ करून बसा. घरात जागा नसेल किंवा आवाज असेल, तर कॉलेजची रिकामी खोली किंवा ओळखीच्या वकिलांचे ऑफिस तासाभरासाठी मागून घ्या.
- प्रकाश: खिडकी किंवा दिवा समोर असावा. पाठीमागे खिडकी असेल, तर चेहरा काळा दिसतो.
- कॅमेरा: डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉपखाली दोन-तीन जाड पुस्तके ठेवा. लॅपटॉप नसेल, तर मोबाइल आडवा करून पुस्तकांना टेकवून घट्ट ठेवा. हातात धरून बोलू नका.
- आवाज: वायरचा साधा इअरफोन भरवशाचा. पंखा जवळ असेल, तर माइकमध्ये त्याचा आवाज येतो.
- इंटरनेट आणि वीज: दुसऱ्या मोबाइलचे हॉटस्पॉट तयार ठेवा. दोन्ही फोन आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या, वीज कधी जाईल सांगता येत नाही.
- नाव: अॅपमध्ये दिसणारे नाव तपासा. घरच्यांच्या खात्यावरून जोडले गेलात, तर त्यांचेच नाव दिसते.
- कपडे: इस्त्री केलेला फिकट रंगाचा शर्ट किंवा साधा कुर्ता. शक्य असल्यास वर काळा कोट. खालचे कपडेही नीट असू द्या, मध्येच उठावे लागू शकते.

आदल्या दिवशी मित्राबरोबर त्याच अॅपवर दहा मिनिटे बोलून पाहा. मुलाखतीच्या दिवशी पाच मिनिटे आधी जोडा. सीव्हीची छापील प्रत, कोरा कागद आणि पेन जवळ ठेवा. घरच्यांना वेळ सांगून दार लावून घ्या.

बोलताना स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहा. आवाज थोडा उशिरा पोहोचतो, म्हणून समोरच्याचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबून सुरुवात करा. लाइन तुटली, तर घाबरू नका. लगेच पुन्हा जोडा, जमले नाही तर फोन किंवा ई-मेल करून कळवा. त्या क्षणी तुम्ही कसे वागता, हीसुद्धा तुमची ओळखच असते.

एआयची मदत घ्यावी का?

सरावासाठी प्रश्न काढायला किंवा व्याकरण तपासायला घेता येते. मुलाखत चालू असताना स्क्रीनवरची उत्तरे वाचणे मात्र डोळ्यांच्या हालचालीवरून लगेच कळते. निकालांचे संदर्भ एआयवर विसंबून देऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला होता. नमुना लेखन पाठवताना त्यातला प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचलेला असावा.

मुलाखतीनंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा ई-मेल पाठवा. आठ-दहा दिवसांत काही कळले नाही, तर एकदा नम्रपणे विचारा. दुसऱ्यांदा विचारूनही उत्तर नसेल, तर तो नकार समजून पुढे जा. नकार आला तरी सहा महिन्यांनी, नवा अनुभव जोडून, पुन्हा अर्ज करता येतो.

पैसे, फसवणूक आणि सुरक्षितता

काही फर्म मानधन देतात, काही देत नाहीत. चेंबरमध्ये ते क्वचितच मिळते. बाहेरगावच्या विद्यार्थ्यासाठी मुंबईतला महिनाभराचा राहण्या-जेवण्याचा आणि लोकलचा खर्च हा मोठा प्रश्न असतो. म्हणून निवड झाल्यावर मानधनाबद्दल एचआरला सरळ विचारा, त्यात संकोच नको. खर्च झेपत नसेल, तर पुणे, नागपूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरमधल्या चांगल्या कार्यालयात काम करणे शहाणपणाचे. कर्ज काढून नावासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

इंटर्नशिपसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी कोणी पैसे मागत असेल, तर दूर राहा. प्रामाणिक फर्म इंटर्नकडून शुल्क घेत नाही. ई-मेल फर्मच्या अधिकृत पत्त्यावरून आला आहे का, हेही पाहा.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही संरक्षण देतो, मानधन मिळत नसले तरी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी तिची माहिती विचारणे हा तुमचा हक्क आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गुण कमी असतील किंवा एटीकेटी असेल तर? लपवू नका. विचारल्यास कारण एका वाक्यात सांगा आणि त्यानंतर काय सुधारले ते सांगा. मध्यम आणि लहान फर्म गुणांइतकेच लेखन आणि आधीचे काम पाहतात.

घरून केलेली इंटर्नशिप चालते का? अनुभव म्हणून चालते. पण कॉलेज आणि विद्यापीठ ती मान्य करते का, हे आधी विचारून घ्या.

डायरी ठेवावी लागते का? हो. इंटर्नशिपची डायरी अभ्यासक्रमातील मूल्यमापनाचा भाग आहे. रोज पाच ओळी लिहा, पक्षकारांची नावे टाळून. पुढच्या अर्जात आणि मुलाखतीत ‘तुम्ही नेमके काय केले?’ याचे उत्तर तुम्हाला या डायरीतच सापडेल.